वॉल्विस बे: दाराशी समुद्र, तरी पाऊस का नाही?

नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिबियात, वॉल्विस बे शहराच्या दक्षिणेला असलेल्या सँडविच हार्बरचा व्हिडिओ हल्ली सगळीकडे फिरतोय. एका बाजूला वाळूची उंच टेकडी, तिच्या पायथ्याशी थेट अटलांटिकच्या लाटा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून पळणारी जीप. समुद्राला लागून वाळवंट कसं, म्हणून त्याखाली हमखास लिहिलेलं असतं, "शास्त्रज्ञांनाही न उलगडलेलं कोडं". अहो उलगडलंय, कधीच उलगडलंय, आणि ते उत्तर त्या व्हिडिओपेक्षाही भारी आहे म्हणून हा लेख लिहायला घेतला.

आपला साधा समज असा की पाणी शेजारी असेल तर पाऊस येणारच. वॉल्विस बे हे नामिबियाचं मुख्य बंदर, समोर अख्खा महासागर, तरी तिथला पाऊस वर्षाला सरासरी २० मिलिमीटरच्याही आत. याचं मूळ त्या समुद्राच्या गारव्यात आहे. या किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडून उत्तरेकडे वारा वाहतो. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता डावीकडे वळतं, म्हणजे इथे पश्चिमेला, किनाऱ्यापासून लांब. वरचं पाणी असं निघून गेलं की त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार पाणी वर येतं. याच किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणाऱ्या थंड बेंग्वेला प्रवाहाचा हा भाग. तापमान साधारण १२ ते १६ अंश, आणि हे उष्ण कटिबंधाच्या उंबरठ्यावर!

आता माझा आवडता भाग, इथे जरा नेट लावून वाचा. या गार पाण्याला टेकलेली हवा गार आणि जड होते. त्याच वेळी वरून दुसरीच हवा खाली उतरत असते, कारण दक्षिण अटलांटिकवर कायम उच्च दाबाचा पट्टा बसलेला आहे. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दाबली की तापते, दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. म्हणजे झालं काय, खाली गार दमट हवा आणि काहीशे मीटर वर कोरडी गरम हवा. नेहमी उंच जावं तसं गार होत जातं, इथे उलटं. एरवी हवेचा एखादा गोळा वर उठला आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहिला तर तो उठतच जातो, त्यातूनच कित्येक किलोमीटर उंचीचे पावसाळी ढग तयार होतात. इथे तो गोळा थोडा वर गेला की भोवतालची हवा त्याच्याहून गरम, मग तो जड ठरतो आणि परत खाली बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. बाष्प भरपूर आहे पण त्याला चढायला जागाच नाही, त्यामुळे जो ढग होतो तो पातळ आणि बुटका. त्यातला थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. पावसाचा एक चांगला २ मिलिमीटरचा थेंब व्हायला असे १० लाख थेंब एकत्र यावे लागतात आणि एवढ्याशा जाडीच्या ढगात ते होत नाही.

तो बुटका ढग वाऱ्याबरोबर जमिनीवर सरकतो आणि चढत्या जमिनीला भिडला की त्यालाच आपण धुकं म्हणतो. किनाऱ्यापासून आत कित्येक किलोमीटर तो जातो, आणि इथल्या नामिब वाळवंटाची अर्धी जीवसृष्टी त्याच्यावर जगते. तिथला एक काळा भुंगा, ओनिमॅक्रिस उंगुइक्युलॅरिस, धुक्याच्या पहाटे टेकडीच्या धारेवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि डोकं खाली, पार्श्वभाग वर करून उभा राहतो. अंगावर थेंब जमतात, जड झाले की ओघळत थेट तोंडात. एका बैठकीत तो स्वतःच्या वजनाच्या ३४ टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतो असं १९७६ च्या अभ्यासात मोजलं गेलंय. २००१ मध्ये दुसऱ्याच एका भुंग्याच्या पाठीवरच्या उंचवट्यांवर शोधनिबंध आला आणि मग त्या पाठीची नक्कल करून "हवेतून आपोआप भरणारी बाटली" वगैरे बातम्या सुरू झाल्या. पुढे २०१० मध्ये चार जातींची तुलना झाली तेव्हा धुक्यात असं उभं राहणारी जात फक्त ओनिमॅक्रिस उंगुइक्युलॅरिस हीच निघाली, आणि पाठीच्या रचनेने पाणी गोळा करण्यात फारसा फरक पडत नव्हता. महत्त्वाचं आहे ते त्याचं ते उभं राहणं. बाटलीच्या बातम्या मात्र अजून चालूच आहेत.

किनारा "शापित" असल्याच्या गोष्टीही तशाच. १९०९ मध्ये एडुआर्ड बोहलेन नावाचं जहाज वॉल्विस बेच्या दक्षिणेला दाट धुक्यात वाळूत रुतलं, आज त्याचा सांगाडा पाण्यापासून काहीशे मीटर आत वाळवंटात उभा आहे. भूत नाही, जादू नाही. ऑरेंज नदी वाळू समुद्रात टाकते, लाटा आणि प्रवाह ती उत्तरेकडे वाहून आणतात, किनाऱ्यावर रचतात आणि वारा आत उडवतो, म्हणून किनाराच पुढे सरकला. सँडविच हार्बरच्या टेकड्याही याच वाळूच्या. वॉल्विस बेजवळ कुइसेब नदी आहे, बहुतेक काळ कोरडी, पण अधूनमधून येणारा तिचा पूर वाळू धुऊन नेतो म्हणून टेकड्यांचा तो मोठा पट्टा तिच्या दक्षिणेलाच थांबतो.

वॉल्विस बेच्या लगूनमधले, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ खाऱ्या पाण्यातले फ्लेमिंगो तर बघायलाच हवेत, मोठे आणि छोटे दोन्ही. मोठा फ्लेमिंगो एका जागी पाय मारत गोल फिरतो, चिखल ढवळतो आणि वर आलेले बारीक जीव चोचीने गाळून खातो, ओहोटीला चिखलात त्या फिरण्याची कडी उमटलेली दिसतात. एवढं खाणं येतं कुठून, तर तळाचं गार पाणी वर येताना खतासारखी पोषकद्रव्यं आणतं त्यातून. तिथल्याच पेलिकन पॉइंट या वाळूच्या टोकावरचे सील त्याच पाण्यातल्या माशांवर जगतात.

एक लक्षात ठेवा, तिकडे गेलात आणि अचानक कुजक्या अंड्याचा वास आला तर तोंड फिरवू नका, समुद्राकडे बघा. मेलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तळाच्या चिखलात कुजून हायड्रोजन सल्फाइड साठतं, ते उसळून वर आलं की पाणी दुधाळ हिरवट-निळं होतं, मासे मरतात आणि लॉब्स्टर श्वासासाठी काठावर चालत येतात. त्याच चिखलात १९९७ मध्ये थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस नावाचा जिवाणू सापडला, नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढा, पाऊण मिलिमीटरपर्यंतचा, आणि तो जगतो ते हेच विषारी सल्फाइड वापरून.