बिंज ईटिंग (विद्यार्थ्यांमधील)

साधारण दोन तासांच्या आत, त्या प्रसंगी कुणीही खाईल त्याहून बरेच जास्त खाणे आणि खाताना हात आवरता न येणे, याला बिंज ईटिंग म्हणतात. दुसरी खूण महत्त्वाची. मित्रांबरोबर रात्री इंदूरच्या सराफा या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस आणि वर जिलबी हाणली, तर तो नुसता अतिरेक. दार लावून, भूक नसताना, भराभर शेवेचे अख्खे पाकीट संपवणे आणि मग स्वतःचीच किळस येणे, हे वेगळे. असे आठवड्यातून किमान एकदा, तीन महिने घडत राहिले तर आजाराचे निदान होऊ शकते. मनोविकारांच्या निदानासाठीच्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेने २०१३ मध्ये त्याची स्वतंत्र नोंद केली. असे खाल्ल्यावर ते वारंवार मुद्दाम ओकून टाकणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे, हा बुलिमिया नावाचा वेगळा आजार; त्यात रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नुसत्या वजनावरून यातले काही ओळखता येत नाही.

मूळ पुष्कळदा दिवसाच्या उपाशीपणात असते. इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस साधारण असा: सकाळी नुसता चहा, अकराला पोहे-जिलबी, गार झालेला डबा अर्धाच, रविवारी संध्याकाळी मेस बंद. वाफवलेल्या पोह्यांवर जीरावण हा इंदुरी मसाला झकास लागतो, पण प्रथिने जेमतेम. मूठभर शेंगदाणे, मोड आलेले मूग आणि वाटीभर दही घेतले की पोट जास्त वेळ धरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरींसाठी रोज धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी, अंडी किंवा मांस ८५ ग्रॅम धरले आहे. मेसच्या पातळ आलू-रश्शाने भाज्यांचा आकडा काही गाठला जात नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी भरपाईचा उपास. मराठी घरांत ‘आज उपास आहे’ म्हटले की कुणी कारणही विचारत नाही, त्यामुळे उपाशी राहून पुन्हा बिंज होण्याचे हे चक्र वर्षानुवर्षे झाकलेले राहते. आदल्या रात्री काहीही झाले असले तरी सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी घ्यावा. तीन मुख्य जेवणे, मध्ये दोन छोटी खाणी, दोहोंत चार तासांहून अधिक अंतर नको. वेळ, पदार्थ, आधीची भूक आणि मनःस्थिती खाल्ल्याबरोबर लिहावी. रात्री आठवून लिहिलेली वही बिनकामाची. कॅलरी मोजणारे अ‍ॅप इथे बहुधा बिघाडच करते.

उपचारांत संज्ञानात्मक वर्तन चिकित्सेला (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याची बोलून करायची उपचारपद्धती) संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे. वजन उतरवण्याचे डाएट आधी सुरू केले तर बिंज वाढू शकते. टेली-मानस (१४४१६) या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. ओकाऱ्या काढणाऱ्याला चक्कर किंवा धडधड जाणवली तर मात्र फोनवर न थांबता त्याच दिवशी रुग्णालयात रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्यावा.