आई-बाप परगावी, पोरं विट्यात

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळायचं दुकान तमिळनाडूत नाहीतर बंगालात, आणि पोरं शाळेसाठी विट्यात, आजी-आजोबांपाशी. साताऱ्याकडच्या जावळी-पाटणातून माथाडी कामाला मुंबई गाठलेल्यांची घरंही अशीच दोन ठिकाणी नांदली. अशा घरातलं नववीतलं पोरगं गप्प गप्प राहू लागलं, की गाव लगेच निदान करून मोकळं होतं : "आई-बाप जवळ नाहीत, दुसरं काय!"

संशोधन इतक्या घाईनं निकाल देत नाही. अमेरिकेतील पॉल अमॅटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये घटस्फोटाविषयीचे ९२ अभ्यास एकत्र तपासले. घटस्फोटित आई-वडिलांची मुलं सरासरीनं मागं होती खरी, पण फरक थोडा होता. आई-वडील एकत्र राहूनही सतत भांडत होते, त्या घरांतल्या मुलांची अवस्था त्याहून वाईट दिसली.

याचं कारण शरीरात सापडतं. किशोरवयात भावनांशी निगडित मेंदूचे भाग जोरात असतात. आवर घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. घरात रोज वाटणीवरून आवाज चढत असेल, तर माजघरात अंथरुणावर पडलेली मुलगी डोळे मिटूनही भिंतीपलीकडचं ऐकत राहते. कॉर्टिसॉलसारखी ताणाची संप्रेरकं वाढलेलीच राहतात, झोप तुटते. दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही, जरा काही बोललं की ती फिस्कारते. घरात बारा माणसं असूनही हे घडतं. म्हणून एकत्र कुटुंब म्हणजे मुलं सुरक्षित, हे मला पटत नाही.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-वडिलांचं आजारपण अशा अनेक अडचणींतून वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, जबाबदार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा कुणीतरी मायेचं, भरवशाचं मोठं माणूस होतं. पुष्कळदा ते आजी-आजोबाच होते.

विट्यातल्या आजीला बीजगणित येत नसेल, पण नातू अर्धी भाकरी टाकून उठला हे तिच्या नजरेतून सुटत नाही. अडचण पुढं येते. ती "आळस भरलाय अंगात" म्हणते, आणि रात्री फोनवर बाप आधी मार्क विचारतो. त्याला आजीनं ताटातल्या भाकरीचं सांगितलं पाहिजे, आणि त्यानंही ते ऐकून घेतलं पाहिजे. उदासी, तुटलेली झोप, मित्रांना टाळणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवावं. जगण्यात अर्थ नाही असं पोर बोललं, तर एक दिवसही थांबू नये, त्याला एकटं सोडू नये. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, आणि तो आजीही फिरवू शकते.