लॉरी मार

लॉरी मार (१८९९–१९७३) : आयर्लंडमधील किल्केनी काउंटीचे हर्लिंगपटू. आडनावाचा आयरिश उच्चार मराठी ‘मार’च्या जवळ जातो, त्यांचा खेळ मात्र माराचा कमी आणि मनगटाचा जास्त होता.

जन्म तुलारोन या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १८८४ मध्ये थर्लस येथील एका हॉटेलात स्थापन झाली. त्या बैठकीला लॉरींचे वडील हजर होते, असे तिकडे सांगतात. हर्लिंग हा खेळ ॲश झाडाच्या, टोकाशी चपट्या आणि रुंद होणाऱ्या काठीने व चामडी शिवणीच्या लहान चेंडूने खेळतात. गोलखांबांमधल्या आडव्या दांडीखालून चेंडू गेला की गोल, म्हणजे ३ गुण. वरून गेला तर १. मार मधल्या फळीत खेळत.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९३१ च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्याने, आणि तोही हरलेल्या. कॉर्कविरुद्धची पहिली लढत १-६ अशी बरोबरीत सुटली, दुसरी २-५ अशी. (आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा एकेरी गुणांचा.) दुसऱ्या लढतीत मार यांच्या बरगड्या मोडल्या. तिसऱ्या वेळी ते मैदानाबाहेर बसून होते आणि कॉर्कने ५-८ विरुद्ध ३-४ असा सहज विजय मिळवला. तीन सामन्यांच्या या झुंजीने हर्लिंगला देशभर नवा प्रेक्षक मिळाला.

किल्केनीने १९३२, १९३३ आणि १९३५ मध्ये अजिंक्यपद पटकावले. १९३५ चा सामना भर पावसात झाला. समोर गतविजेता लिमरिक, चेंडू ओला, काठी हातातून निसटणारी. छत्तीस वर्षांचे मार कर्णधार होते. निकाल २-५ विरुद्ध २-४, म्हणजे फक्त एका गुणाचा फरक.

खेळाचे पैसे मिळत नसत. ते शेतीच करत राहिले, लग्न केले नाही. १९८४ मध्ये सर्वोत्तम हर्लिंगपटूंचा म्हणून निवडलेल्या ‘शतकातील संघा’त मधल्या फळीत त्यांच्या जोडीला जॅक लिंच होते, जे तोवर आयर्लंडचे पंतप्रधानही होऊन गेले होते. २००९ पासून मार यांच्या नावाचा चषक दिला जातो, तोही हर्लिंगमध्ये दुबळ्या समजल्या जाणाऱ्या काउंटींसाठी.

स्वभाव कमालीचा बुजरा. एक किस्सा तुलारोनमध्ये अजून चालतो : एक पत्रकार मुलाखतीसाठी गावात आला आणि शेतात भेटलेल्या माणसाला त्याने लॉरींचा पत्ता विचारला. ‘ते आत्ताच बाहेर गेले,’ असे सांगून त्या माणसाने त्याला वाटेला लावले. तो माणूस स्वतः लॉरीच होता.