पान कुरतडलेलं दिसलं, तर रोप परत आणण्याआधी हे वाचा

आमच्या रोपवाटिकेतून कढीपत्ता किंवा लिंबू नेलेलं कुणी ना कुणी दर पावसाळ्यात कुंडी उचलून परत येतं. तक्रार एकच असते: "नेलं तेव्हा छान होतं, आता अळ्या पडल्यात." पानावर पक्ष्याची शीट पडावी तशी दिसणारी ती अळी बहुतेक वेळा लिंबाच्या फुलपाखराची असते. वाढली की हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यातून निघून पंख फुटेपर्यंत तिला साधारण महिनाभर लागतो, आणि तोवर कढीपत्त्याला नवी पालवी येऊ लागलेली असते.

म्हणून औषध मारायची घाई करू नका. देशी झाडं आम्ही विकतो ती कुणीतरी खावीत म्हणूनच. रोप अगदीच लहान असेल तर दोन-तीन अळ्या ठेवा, बाकीच्या शेजारच्या मोठ्या लिंबावर अलगद सोडा.

अळीला झाड ठरलेलं लागतं

फुलपाखरू मध कोणत्याही फुलातला पितं, अगदी घाणेरीच्याही. पण अंडी घालताना ते चोखंदळ असतं, कारण त्याच्या अळीला ठरावीक झाडांचीच पानं पचतात. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्याच रुईवर प्लेन टायगर नावाचं नारिंगी फुलपाखरू वाढतं. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, त्यामुळे पक्षी पुढे त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. बहावा लावलात तर पिवळसर-पांढरी एमिग्रंट फुलपाखरं येतील. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. म्हणजे गॅलरीतल्या एका लिंबाच्या कुंडीलाही अर्थ आहे.

अळ्या असल्या की पक्षी येतात. शिंपी पक्ष्याची जोडी पिलांना दिवसभर किडे-अळ्या भरवत असते. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा लहान पिलांना किडेच भरवते.

गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. ही झाडं तुमच्याकडे असतील तर तोडा असं आम्ही कधीच सांगणार नाही. सावली देणारं मोठं झाड तोडून काय मिळवायचं? मात्र नवीन जागा भरताना आधी इथल्या झाडांचा विचार करा. अपवाद घाणेरीचा. ती पसरते आणि इतरांना उठू देत नाही, तेव्हा ती मुळासकट काढा.

लहान परसाला कुंपण हवं असेल तर अडुळसा किंवा निरगुडी लावा. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे येतात. काटेरी कुंपण हवं तर करवंद: फळं तुम्हालाही आणि बुलबुलांनाही. उन्हाच्या, मुरमाड कोपऱ्यात धायटी लावा. तिच्या लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात आणि मधमाश्याही. जागा मोकळी असेल तर ताम्हण, आपलं राज्यफूल. आणि जूनमध्ये आपोआप उगवणारा तेरडा तण समजून उपटू नका. त्याच्या शेंगा तडकून बी पडतं, पुढच्या वर्षी तो स्वतःच येतो, आणि भाद्रपदात गौर म्हणून घरात न्यायलाही मिळतो.

उंबर मात्र घराजवळ नको. पक्ष्यांसाठी त्याच्यासारखं झाड नाही, पण मुळं भिंतीला आणि पाइपला त्रास देतात. शेत किंवा मोठं आवार असेल तरच घ्या.

पिशवीतली पांढरी बुरशी

दुसरी तक्रार मातीतल्या पांढऱ्या तंतूंची. "रोप कुजतंय का?" कुजतोय तो पाला, आणि तो कुजवणारी बुरशी तुमचंच काम करते आहे.

याहून महत्त्वाची बुरशी डोळ्यांना दिसत नाही. ती मुळांच्या आत शिरून राहते. शेतकरी तिला व्हॅम म्हणतात, पुस्तकात मायकोरायझा. तिचे केसाहून बारीक तंतू, मूळ पोचत नाही अशा जागेतून स्फुरद (फॉस्फरस) आणि पाणी आणून देतात आणि झाड तिला साखर देतं. बहुतेक झाडांच्या मुळांशी अशी देवाणघेवाण चालू असते.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिली दोन वर्षं रोगाच्या भीतीने माती भाजून घ्यायचो. बी रुजायचं, पण रोपं पिवळट आणि खुरटी राहायची, खत घातलं तरी. मग आवारातल्या जुन्या उंबराखालची मूठभर माती प्रत्येक पिशवीत मिसळू लागलो, आणि त्याच वर्षी रोपांनी अंग धरलं. तीच माती तुमच्या रोपाबरोबर येते. म्हणून लावताना मुळांभोवतीचा गोळा फोडू नका, मुळं धुऊ नका. बुरशीनाशकाचं पाणी बुंध्याशी ओतू नका. सुपर फॉस्फेटही नको: स्फुरद आयतं मिळू लागलं की झाड बुरशीला पोसणं कमी करतं. आळं दर आठवड्याला उकरायची सवय असेल तर ती सोडा, प्रत्येक वेळी ते तंतू तुटतात.

पडलेला पाला जाळू नका, झाडाखालीच पसरा. एखादा हातभर लांबीचा ओंडका सावलीत अर्धा पुरून ठेवा. पावसाळ्यात त्यावर पंख्यासारख्या अळंब्या येतील. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा फणसांबा घरगुती औषध म्हणून जपला जातो, तोही याच जातीतला, लाकडावर जगणारा. कोरड्या ओंडक्यात काळे भुंगे भोकं पाडून घर करतात, त्यांना राहू द्या. पाल्याचा ढीग आणि ओंडका दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब ठेवा, कारण तिथे साप बसू शकतो.

परसाच्या टोकाला वारूळ असेल आणि घराचं लाकूड त्यापासून दूर असेल, तर ते मोडू नका. वाळवी आत बुरशीची बाग करते. जोरदार पावसानंतर त्यातूनच अळंबी वर येतात. गोव्यात तिला रोयणीची अळमी म्हणतात, आणि कोकणातही लोक वर्षभर तिची वाट बघतात. ही अळंबी अजून माणसाला पिकवता आलेली नाही, ती वाळवीलाच जमते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो: परसात उगवलेली अळंबी आमच्या माहितीपत्रकाच्या किंवा मोबाइलवरच्या फोटोच्या भरवशावर खाऊ नका. विषारी अळंबी खाण्याच्या अळंबीसारखीच दिसू शकते, आणि शिजवल्याने तिचं विष जाईलच असं नाही.

लावणी मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाल्यावर करा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. भरताना काढलेलीच माती आणि थोडं चांगलं कुजलेलं शेणखत घाला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी द्या, आळ्यावर पाल्याचा जाड थर ठेवा.

दिवाळीपर्यंत रोप मेलं तर आम्ही बदलून देतो. कुरतडलं म्हणून बदलून देत नाही, पण अळी कसली आहे ते विचारायला जरूर या, पानासकट डबीत घालून आणा. येताना रिकाम्या काळ्या पिशव्याही आणा, धुऊन आम्ही त्याच पुन्हा वापरतो.