इमॅजिकाची पार्श्वभूमी : फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेपासून संगमनेरपर्यंत

सहलींच्या हंगामात कोल्हापुरातून रात्री उशिरा सुटणाऱ्या काही गाड्या पहाटे पुणे मागे टाकतात आणि इमॅजिका या करमणूक उद्यानाची दारे उघडण्याच्या बेताला खोपोलीजवळ पोहोचतात. एका पिढीपूर्वी शाळेची सहल म्हणजे पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी आणि फार तर गणपतीपुळे किंवा रायगड असा हिशेब असे. आता सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून मुले इमॅजिकाला जातात आणि त्याच रात्री परतीला लागतात. ज्या कंपनीच्या दारात ही मुले उतरतात, तिच्या इतिहासात हिंदी चित्रपटव्यवसाय, द्रुतगती मार्ग, बँकांचे कर्ज आणि सरतेशेवटी संगमनेरचा तंबाखूचा व्यापार अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. हा इतिहास समजून घेताना जत्रेतल्या पाळण्याचे अर्थकारण आधी ध्यानात घेतलेले बरे, कारण इमॅजिकाच्या बहुतेक अडचणी त्या अर्थकारणाशी काडीमोड घेतल्यामुळे उद्भवल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जत्रेचा पाळणा फिरस्ता असतो. आज एका गावचा उरूस, आठवड्याने दुसऱ्या गावची यात्रा, मग शहरातल्या मैदानावरचे सुट्टीतले प्रदर्शन, असा पाळणेवाल्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला असतो. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, टोरा टोरा, मौत का कुआँ हे सारे ट्रकवर चढवून नेता येते आणि पावसाळा सुरू झाला की सुटे करून झाकून ठेवता येते. जागेचे भाडे तेवढ्या दिवसांपुरते द्यावे लागते. मुख्य म्हणजे गर्दी जमवण्याचा खर्च पाळणेवाल्याला करावाच लागत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो माणसे येतात ती देवासाठी. पाळणा त्या गर्दीच्या कडेला उभा राहतो इतकेच. या व्यवस्थेत सुरक्षिततेच्या नावाने पुष्कळदा आनंदच असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गर्दी असेल तिथे जायचे आणि गर्दी ओसरली की उठायचे, या तिच्या सूत्रामुळे हा धंदा सहसा कर्जात बुडत नाही.

करमणुकीला कायमची जागा देण्याची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले असता रोममधील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. (ऑगस्ट २०२४ मध्ये हे नाट्यगृह आगीत जळाले, ही जखम अजून ताजी आहे.) जत्रेतली कुस्ती आणि गावोगाव फिरणारे नाटक यांना दगडी भिंती मिळाल्या, पण त्यामागे संस्थानाचा खजिना होता, तिकिटांच्या गल्ल्यातून व्याज फेडण्याचा प्रश्न तेथे नव्हता. पुढे बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी याच शहरात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. चार खांब, बांबूच्या कामट्या आणि रंगवलेला पडदा यांतून राजवाडा कसा उभा करायचा, हे ज्या शहराने इतक्या लवकर शिकून घेतले, त्याला थीम पार्क म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. थीम पार्क म्हणजे प्रेक्षकाला आत शिरू देणारा चित्रपटाचा सेट होय.

जगभरातही जत्रा आणि चित्रपट या दोन धाग्यांचीच वीण दिसते. कोपनहेगनचे तिवोली उद्यान १८४३ पासून एकाच जागी आहे. परंतु शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस यांनी उभारलेला २६४ फूट उंचीचा पाळणा, ज्याचे नाव इंग्रजीत सगळ्याच पाळण्यांना चिकटले, तो मात्र प्रदर्शन संपल्यावर दोनदा हलवला गेला आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून मोडीत काढला गेला. प्रदर्शनाची गर्दी पांगल्यावर एवढ्या मोठ्या चाकाचे करायचे काय, याचे उत्तर कोणालाच सापडले नाही. ते उत्तर चित्रपटवाल्या वॉल्ट डिस्ने यांनी दिले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे त्यांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हा सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते, आणि त्यासाठी एबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीचे पैसे व कर्जाची हमी घेऊन डिस्ने यांनी तिला आठवड्याचा कार्यक्रम पुरवला होता. तो कार्यक्रम घराघरांत उद्यानाची जाहिरात करत होता. देवाच्या जागी पडदा आला आणि गर्दी जमवण्याचे काम पडद्याने पत्करले.

भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानावरील अप्पू घर नोव्हेंबर १९८४ मध्ये सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेचे शुभंकर असलेल्या हत्तीचे नाव त्याला मिळाले होते. २००८ मध्ये ते बंद पडले. महाराष्ट्राच्या आठवणीत मात्र पहिले नाव एस्सेल वर्ल्डचे आहे. सुभाष चंद्रा यांनी १९८९ च्या अखेरीस मुंबईत गोराई येथे ते उघडले आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडमची भर घातली. खाडी ओलांडून बोटीने तेथे जाणे हाच निम्मा आनंद असे, आणि त्याची दूरदर्शनवरील जाहिरात तर जे कधीच तेथे गेले नाहीत त्यांनाही पाठ होती. डिस्ने पडद्याकडून उद्यानाकडे आले. चंद्रा उद्यानानंतर तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, झी वाहिनी घेऊन पडद्याकडे गेले. एस्सेल वर्ल्डही २०२२ मध्ये बंद झाले.

दक्षिणेत व्ही-गार्ड या विद्युत उपकरणांच्या कंपनीचे कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० मध्ये कोचीला वीगालँड सुरू केले. वंडरला या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी २००५ मध्ये बंगळूरला आणि २०१६ मध्ये हैदराबादला पोहोचली. बरेचसे पाळणे स्वतःच्याच कार्यशाळेत बनवायचे आणि एक उद्यान कमावते झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, अशी तिची चाल राहिली. इमॅजिकाची तुलना करायची तर ती वंडरलाशीच करावी लागते.

इमॅजिकाचे मूळ ॲडलॅब्समध्ये आहे. मनमोहन शेट्टी आणि वसनजी ममानिया यांनी १९७८ मध्ये मुंबईत ही फिल्म धुण्याची प्रयोगशाळा सुरू केली. जाहिरातपटांच्या फिल्मवर प्रक्रिया करणे हे तिचे सुरुवातीचे काम असल्याने तिला ॲडलॅब्स हे नाव पडले. प्रयोगशाळेचा मालक हा चित्रपटधंद्यातला फारसा न दिसणारा माणूस. कोणाचा चित्रपट अडकला, कोणाकडे पैसे उरले नाहीत, हे त्याला सर्वांआधी कळते. शेट्टी त्या अंधाऱ्या खोलीतून निर्मितीकडे वळले आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’च्या निर्मात्यांत त्यांचे नाव होते. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला तो चित्रपट काढणारा माणूस पुढे लहान मुलांच्या उद्यानासाठी हत्तीचे शुभंकर घेऊन येईल, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर ते हसण्यावारी गेले असते.

ॲडलॅब्सने २००१ मध्ये वडाळ्याला घुमटाकार पडद्याचे आयमॅक्स चित्रपटगृह उघडले. या घुमटात शेट्टींच्या पुढच्या उडीचे बीज दिसते, कारण तेथे लोक पडद्याच्या आकारासाठीही तिकीट काढत होते. २००५ मध्ये अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहाने ॲडलॅब्स फिल्म्सचा मोठा हिस्सा विकत घेतला. प्रयोगशाळा, चित्रपटगृहे आणि वितरण यांचा पसारा हातून गेल्यावर शेट्टींकडे भांडवल होते, अनुभव होता आणि वय साठीकडे झुकले होते. अशा वेळी बहुतेक माणसे व्याजावर जगतात. त्यांनी २०१० मध्ये ॲडलॅब्स एंटरटेनमेंट ही कंपनी स्थापन केली.

जागा निवडली ती रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावरच्या सांगडेवाडीला. (नावावरून आपल्या करवीर तालुक्यातली सांगवडेवाडी आठवते, पण दोहोंचा काही संबंध नाही.) २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे ही जागा दोन्ही महानगरांच्या मधोमध, एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर आली होती. सुमारे ३०० एकर जमीन घेतली गेली, त्यांपैकी सुमारे १३० एकरांवर उद्यान उभे राहिले आणि १८ एप्रिल २०१३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. खर्चाचा आकडा १,६०० कोटी रुपयांच्या घरात गेला, आणि त्यातला मोठा भाग बँकांच्या कर्जाचा होता.

उद्यानाच्या आखणीत चित्रपटवाल्याचा हात जागोजागी दिसतो. आत शिरल्यावर अलीबाबाची गुहा लागते, सलीमगढचा झपाटलेला किल्ला लागतो, अमेरिकेतील सोन्याच्या खाणींच्या काळातली आगगाडी लागते. भारताचे आकाशातून दर्शन घडवणाऱ्या खेळात प्रेक्षक प्रचंड पडद्यासमोर अधांतरी लटकतात, म्हणजे वडाळ्याचा घुमटच तेथे खुर्च्यांसकट हलू लागतो. पाण्यातून जाणाऱ्या एका सफरीसाठी राजासॉरस निवडला, ही निवड लेखकाला विशेष वाटते. नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ मध्ये या डायनोसॉरचे नामकरण झाले होते आणि परदेशी चित्रपटांतले आयते डायनोसॉर समोर असताना देशी जनावर शोधून काढण्याचा खटाटोप कोणीतरी केला होता. नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर मात्र स्वित्झर्लंडच्या कंपनीकडून आला. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीसमोर उभे राहणाऱ्या माणसाने तो पाहिला, तर पोटात गोळा येण्याआधी त्याला एवढ्या वळणांच्या पोलादाचा भाव आठवेल.

इथे जत्रेच्या पाळण्याशी असलेला फरक उघडा पडतो. सांगडेवाडीचा पाळणा उचलून कुठेही नेता येत नाही. माणसे आली नाहीत तरी कर्मचाऱ्यांचे पगार, रोजची तपासणी, वीज आणि कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. सह्याद्रीच्या पायथ्याचा पावसाळा चार महिने पाठ सोडत नाही, परीक्षांच्या दिवसांत कुटुंबे घराबाहेर पडत नाहीत, आणि उरलेल्या वर्षातही गर्दी शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिन्यात एकवटते. एकदा येऊन गेलेल्या कुटुंबाला पुन्हा यावेसे वाटण्यासाठी सतत नवे काही उभारावे लागते, आणि नवे उभारायचे तर पुन्हा पैसा लागतो. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल आणि त्यानंतर बर्फाचे उद्यान अशी भर घातली. पाहुण्याने मुक्काम करावा आणि एका तिकिटाची दोन तिकिटे व्हावीत, हा त्यामागचा हिशेब सयुक्तिक होता, पण पायाखालचे कर्ज त्याने हलके झाले नाही.

मार्च २०१५ मध्ये कंपनी समभाग विक्रीसाठी बाजारात उतरली. उभारलेल्या रकमेतून मुख्यतः कर्जच फेडायचे होते. आधी ठरवलेला २२१ ते २३० रुपयांचा दरपट्टा प्रतिसादाअभावी खाली आणावा लागला, मुदतही वाढवावी लागली. गुंतवणूकदारांनी उद्यानाची हौस आणि ताळेबंद यांत गल्लत केली नाही, असे म्हणता येईल. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा करमणूक उद्यानांवर २८ टक्के दर लागला; जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. याच काळात ॲडलॅब्स हे नाव गळून कंपनी इमॅजिकावर्ल्ड एंटरटेनमेंट झाली. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि नेमक्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर उद्यानाला कुलूप लागले. आधीच थकलेल्या कर्जदाराला हा धक्का पचणे शक्य नव्हते.

सुटकेचा मार्ग संगमनेरहून आला. मालपाणी समूहाचे नाव महाराष्ट्रात गाय छाप जर्द्यामुळे माहीत नाही असे गाव विरळा. कोल्हापुरातल्या पानपट्ट्यांवर आणि शेताच्या बांधावर ती पुडी अनेक पिढ्यांनी मळली आहे. या समूहाने पुढे पवनऊर्जेत आणि करमणूक उद्यानांत पैसा घातला. लोणावळ्याजवळ आणि शिर्डीत त्यांची वेट अँड जॉय जलउद्याने चालू होती. जून २०२२ मध्ये, बँकांशी कर्जाची तडजोड ठरल्यानंतर, मालपाणी समूहाने इमॅजिकातील बहुसंख्य हिस्सा घेतला. ज्यांनी एवढे कर्ज दिले होते त्या बँकांना त्यातल्या मोठ्या रकमेवर पाणी सोडावे लागले, आणि नव्या मालकाला उभारणीच्या खर्चाच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत तयार उद्यान मिळाले. पहिल्याने विहीर खणून कर्जबाजारी व्हावे आणि दुसऱ्याने तिच्यावर मळा फुलवावा, हा शेतीतला अनुभव येथेही आला. त्यानंतर समूहाची लोणावळा आणि शिर्डी येथील उद्यानेही याच कंपनीच्या छत्राखाली आणली गेली आणि इंदूरलाही तिने पाय रोवला.

या यादीत साईतीर्थ नावाचे शिर्डीतले एक उद्यान आहे. ते भक्तीवर बेतलेले आहे: साईबाबांच्या द्वारकामाईचा देखावा यंत्रचलित पुतळ्यांनी जिवंत केला जातो, लंकादहनाचा खेळ हलत्या खुर्च्यांत बसून पाहायला मिळतो आणि देशातील तीर्थक्षेत्रांच्या प्रतिकृतींमधून गाडीत बसवून फिरवले जाते. खोपोलीला मुंबई-पुण्याहून माणसे बोलावून आणावी लागतात. शिर्डीत ती आधीच आलेली असतात, दर्शनाची रांग संपल्यावर त्यांच्या हाती अर्धा दिवस उरलेला असतो आणि सोबत मुले असतात. जोतिबाच्या डोंगराखाली दरवर्षी खांब रोवणारे पाळणेवाले जागा निवडताना हेच पाहतात.