हृदयविकाराचा झटका आणि सरसकट ऑक्सिजन : एक खुलासा

हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाला ऑक्सिजन लावलाच पाहिजे, ही समजूत नातेवाइकांप्रमाणेच डॉक्टरांमध्येही अनेक दशके टिकून होती. रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूला जास्त ऑक्सिजन मिळाला तर तो वाचेल, हा तर्क इतका सरळ वाटे की तो कसोटीला लावण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत अडचण रक्तातील ऑक्सिजनच्या कमतरतेची नसून हृदयाच्या धमनीत अडकलेल्या गुठळीची असते. ज्याची ऑक्सिजन पातळी मुळातच पुरेशी आहे, त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये आणखी ऑक्सिजन मावण्यास जवळजवळ जागाच नसते. उलट अतिरिक्त ऑक्सिजनमुळे हृदयाच्या धमन्या आकुंचन पावू शकतात.

मेलबर्नमधील २०१५च्या अभ्यासात ऑक्सिजन दिलेल्या गटात हृदयस्नायूची हानी अधिक आढळली. तो अभ्यास लहान होता, म्हणून स्वीडनमधील २०१७चा अभ्यास मला अधिक निर्णायक वाटतो : रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९० टक्के किंवा त्याहून अधिक असलेल्या ६,६२९ रुग्णांपैकी ऑक्सिजन दिलेल्यांत वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण ५.० टक्के, तर न दिलेल्यांत ५.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. त्याच वर्षी युरोपीय हृदयरोग संघटनेने अशा रुग्णांना सरसकट ऑक्सिजन देऊ नये, असे सुचवले.

मास्क दिसला की घरच्यांना धीर येतो, हे खरे. परंतु केवळ त्या धीरासाठी तो लावण्याची गरज नाही. पातळी ९० टक्क्यांखाली गेलेल्या रुग्णाला मात्र ऑक्सिजन द्यावाच लागतो.