मोतीबिंदूनंतरची धूसरता आणि जनुकांचा उतारा

सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की एक तक्रार हमखास कानावर येते. "ऑपरेशन झकास झालं होतं. पीएमपीच्या बसचा नंबर लांबून दिसायचा. आता परत अंधुक. मोतीबिंदू उलटला का हो?"

उलटत नाही. काढलेलं भिंग परत उगवत नाही, अंधुक होतो तो त्यामागचा पडदा.

आपलं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. फेको, म्हणजे मोतीबिंदूची आजची नेहमीची शस्त्रक्रिया, करताना डॉक्टर पिशवीला पुढून साधारण 5 मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात, गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम लेन्स बसवतात. पिशवीची मागची भिंत मध्यभागी जेमतेम 4 मायक्रॉन जाड, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. पुढच्या भिंतीला आतून पेशींचा एक थर असतो. कितीही धुवा, कडेच्या सांदीतल्या काही पेशी उरतातच. शस्त्रक्रियेची जखम झाली की टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन त्यांना चेतवतं. त्या वाढतात, मागच्या भिंतीवर सरकतात आणि तिथे रूप पालटतात: कोलॅजन सोडतात, आकसतात, भिंतीला चुण्या पाडतात. थोडक्यात, शरीर इमानेइतबारे जखम भरत असतं, फक्त नको त्या जागी! चौकोनी कडेच्या लेन्समुळे या पेशींची वाट बरीच अडते, पण पूर्ण बंद होत नाही.

यावर याग लेझर आहे. हनुवटी टेकवून बसायचं, काही मिनिटांत पडद्याला मधोमध भोक पडतं आणि माणूस चालत घरी जातो. डोळ्यातला दाब तात्पुरता वाढू शकतो, क्वचित दृष्टिपटल सुटतं, पण एकूण सोपं काम. हा पडदा गढूळ होऊच नये म्हणून पेशींत जनुक सोडण्याचा, म्हणजे जनुकोपचाराचा, विचार चालू आहे; पण आजोबांसाठी ती उठाठेव मला तरी अनाठायी वाटते. डोळ्याच्या एका आनुवंशिक आजारावरच्या लक्स्टर्ना या जनुकोपचाराला अमेरिकेत 2017 साली मंजुरी मिळाली, तेव्हा त्याची किंमत एका डोळ्याला 4,25,000 डॉलर ठरली होती.

खरी गरज आहे ती लहान मुलांना. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी तान्ह्या बाळांचेही मोतीबिंदू काढतात. या वयात पेशी इतक्या जोमदार असतात की मागची भिंत तशीच ठेवली तर ती जवळपास नक्की गढूळ होते. बाळ लेझरपुढे स्थिर बसत नाही आणि त्याचा मेंदू अजून बघायला शिकत असतो; त्या काळात दृष्टी अडली तर डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. म्हणून सर्जन पहिल्याच वेळी मागच्या भिंतीला भोक पाडून त्यामागचा थोडा काचद्रवही (डोळ्यात भरलेला पारदर्शक, जेलीसारखा पदार्थ) काढतात.

त्याऐवजी उरलेल्या पेशींनाच मरायला लावता आलं तर? फ्रान्समधल्या फ्रांस्वा मालकाझ यांच्या गटाने 2006 मध्ये सशांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. दुबळ्या केलेल्या अॅडिनोव्हायरस या विषाणूमधून बॅक्स किंवा प्रोकॅस्पेज-3 हे पेशींना आत्मनाशाकडे नेणारे जनुक त्यांनी पिशवीत सोडले, आणि सशांमध्ये पडदा गढूळ होणं रोखता आलं. पिशवी जवळजवळ बंद आणि रक्तवाहिन्यांविना असल्याने औषध फारसं इकडेतिकडे पसरत नाही.

धोका आहे तो बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला. त्याच्या आतल्या थरातल्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. विषाणू तिथे पोचला तर मोतीबिंदूपेक्षा मोठं संकट. त्यामुळे जनुक फक्त भिंगाच्या पेशीतच चालू होईल, अशी कळ त्याला जोडण्यावर संशोधकांचा भर आहे. दवाखान्यात मिळेल असा उपचार अजून झालेला नाही.